शेऱ्याचा रकाना

तिचं बोट मी टोचलं. थेंब पट्टीला लावला, मशीन टुक करून वाजलं आणि आकडा आला, अठ्ठावन्न. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

श्रावणातला रविवार, दुपारचे चार. घरात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली होती. घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ मोजून घेतलेल्या गव्हाचं पीठ ओट्यावर, पुरण परातीत, धाकटी भावजय चुलीपाशी. आमची म्हातारी, माझी बायको, पुरण वाटता वाटता उठून आली होती, कोपरापर्यंत गुळानं चिकट. मीच म्हणालो, आधी हात धू. गुळाच्या बोटावर आकडा खोटा येतो, हे लेकीनं पहिल्याच दिवशी शिकवलेलं. ती मोरीत गेली, साबण लावून हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यापुढं बोट धरलं.

"कितली शे?"

"अठ्ठावन."

"खरंच का?"

तिनं मशीन माझ्या हातातून ओढून घेतलं. चष्मा नव्हता, तरी डोळ्याशी नेऊन बघितलं. मग भावजयीला दाखवायला चुलीपर्यंत गेली. "देख वं, आजलोंग इतली कमी कधीच नई उनी."

मी तोवर मोबाईलमध्ये आकडा भरला. शेजारचा रकाना हिरवा झाला.

"कागद काय म्हनस?" तिनं तिकडूनच विचारलं. मोबाईलमधल्या तक्त्याला ती कागद म्हणायची.

"ठीक म्हनस."

"पोरले सांगा, तुन्ही माय पहिला नंबरमा पास व्हयनी."

आम्ही हसलो. भावजयसुद्धा पदराआड हसली. आता वाटतं, त्या हसण्याबद्दल माणसाला शिक्षा असावी.

टोचताना तिचं बोट मला घट्ट धरावं लागलं होतं, इतका हात कापत होता. कपाळावर घाम होता. मी विचारलं, "का वं, बरं वाटत नई का?" तर म्हणाली, "दिनभर चुल्हापाशी बठेल शे. घाम नई तं काय अत्तर येई?" रोट, म्हणजे कानबाईच्या पुरणपोळ्या, रांधणाऱ्या बाईनं नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, चवसुद्धा बघायची नाही, अशी आमच्यात रीत. सकाळची गोळी तेवढी तिनं घोटभर पाण्यासोबत घेतली होती. गोळीला नियम नसतो, ते औषध, असं तीच म्हणाली होती. गोळी पोटात आणि पोट रिकामं. मला हे दिसत होतं. दिसत असून मी मोबाईलकडं बघितलं.

हे सगळं लिहायला बसलो, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. ज्या एका माणसाला कळू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला, त्या माझ्या लेकीला सगळं कळून चुकलं आहे. शाळा माझी चौथीपर्यंतची. लिहिण्यात काही चुकलं तर चुकलं.

लेक सुरतेला असते. एका कंपनीच्या ऑफिसात दिवसभर तक्ते करते. जावईही तिथंच. तीन वर्षांपूर्वी म्हातारीला साखर निघाली, तेव्हा लेकीनं मशीन आणून दिलं आणि माझ्या मोबाईलमध्ये एक तक्ता बसवून दिला. तारीख, वेळ, साखर, शेरा. चार रकाने. पहिले तीन मी भरायचे.

"आणि चौथा?"

"चौथ्याला हात लावायचा नाही बाबा. तो आपोआप भरतो."

"आपोआप कसा? भूत बसवलंस का त्यात?"

ती हसली. हिशोबाचं सांगताना ती शाळेचं मराठी बोलते, भांडताना घरचं. म्हणाली, "मी त्याला अट घालून दिली आहे. जर साखर दोनशेच्या वर असेल, तर 'दवाखाना' लिही. तसं नसेल, तर बघ दीडशेच्या वर आहे का. असेल तर 'सांभाळा' लिही. तेही नसेल, तर 'ठीक'." दवाखाना लाल, सांभाळा पिवळा, ठीक हिरवा. एका ओळीत अट लिहिली की खालच्या सगळ्या ओळींना तीच लागते, रोज नव्यानं लिहावी लागत नाही. तोच तक्ता तिच्याही मोबाईलमध्ये दिसत होता. मी इकडं आकडा भरला की तिला तिकडं रंग दिसे.

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? शेतात आम्ही दुसरं काय करतो? जर ओल वीतभर गेली, तर पेर. नसेल गेली, तर थांब. जर बोंड उमललं, तर वेच. मला वाटलं, पोरगी शिकली ते आपल्याच बाजूचं शिकली.

पहिले आठ दिवस मात्र तक्त्यानं आमची फजिती केली. मी मोबाईलवर मराठी आकडे भरत होतो, एक-तीन-शून्य, आपले शाळेतले. शेरा रोज लाल. दवाखाना, दवाखाना, दवाखाना. तिला मोटारसायकलवर मागं बसवून शहाद्याला नेलं. डॉक्टरनं तपासलं, एकशे अठ्ठावीस. म्हणाला, "काका, सगळं छान आहे, कशाला आणलं?" मी मोबाईल पुढं केला. तो हसला, त्याची नर्स हसली. येताना ही सगळ्या रस्त्यानं माझ्या पाठीमागं बडबडत होती. "तुमना कागदले अक्कल शे का? मी चांगली जित्ती शे, नि तो माले दवाखानामा धाडस!"

लेकीला फोन केला. तिनं विचारलं, आकडे कोणते टाकता? मग तिनं कपाळावर हात मारलेला मला फोनमधूनही ऐकू आला. त्या तक्त्याला मराठी आकडे आकडे वाटत नाहीत म्हणे, अक्षरं वाटतात. आणि अक्षर कुठल्याही आकड्याहून मोठं, असा त्याचा कायदा. म्हणून एकशे तीस त्याला दोनशेच्या वर. मी म्हणालो, हा कसला कायदा? ती म्हणाली, "माझीच चूक झाली बाबा. मी आधी विचारायला हवं होतं त्याला, हा आकडा आहे का." मग तिनं अटीत आणखी एक अट घातली. आकडा नसेल तर शेरा कोरा ठेव. आणि मला इंग्रजी आकडे भरायची सवय लावली.

त्यानंतर तक्ता कधी चुकला नाही. निदान आम्हाला तसं वाटलं. एकदा चुकून सुधारलेल्या माणसावर आपण कधी न चुकलेल्यापेक्षा जास्त भरवसा ठेवतो, तसंच झालं.

म्हातारी तर त्याच्या आज्ञेत राहू लागली. माझं तिनं पंचेचाळीस वर्षांत एक ऐकलं नसेल. शेरा पिवळा आला की जेवल्यावर अंगणात वीस फेऱ्या मारायची, पाऊस असला तर ओसरीत. एका नवरात्रात दोनशे बारा आली, लाल झालं, तर नऊ दिवसांचा घट बसलेला असून तिनं चप्पल पायात घातली आणि म्हणाली, चला दवाखान्यात, पोर म्हनस. तिला तक्ता बोलत नव्हताच, तिला लेक बोलत होती. लेकीचा शब्द ती देवाच्याही वर ठेवायची. म्हणून मी छातीवर हात ठेवून सांगतो, त्या रविवारी त्या रकान्यात 'गूळ खा' एवढे दोन शब्द आले असते, तर तिनं कानबाईच्या पुढ्यात परातीतला गूळ उचलून तोंडात घातला असता. देवीला हात जोडून, पण घातला असता.

आले नाहीत. कारण लेकीनं वरचं विचारलं होतं, खालचं विचारलंच नव्हतं. दोनशेच्या वर, दीडशेच्या वर, आणि उरलेलं सगळं ठीक. उरलेल्यात एकशे दहा असतात, तसे अठ्ठावन्नही असतात आणि वीसही असतात. माणूस मेल्यावर शून्य टाकलं तरी तो रकाना हिरवाच दाखवेल.

तिचा दोष धरत नाही मी. धरणारा मी कोण? माझ्या विहिरीवर मोटारीची पेटी आहे. पेटीवर विजेचा दाब दाखवणारा काटा आहे. तीस वर्षं मी बटण दाबायच्या आधी काटा बघतो. साडेतीनशेच्या खाली असेल तर मोटार लावायची नाही, साडेचारशेच्या वर असेल तरी लावायची नाही. जास्त दाबानं मोटार जळते, कमी दाबानंही जळते. हे मला कोणी पुस्तकात शिकवलं नाही. दोन मोटारी जाळून शिकलो. आणि दोन्ही वेळा दाब कमी होता. मोटारीचं मला ठाऊक होतं. ज्या बाईसोबत सगळा जन्म काढला, तिला खालचीही हद्द असेल, हे डोक्यात आलं नाही.

येणार कुठून? साखर निघाली त्या दिवसापासून घरात एकच घोष, गोड बंद. डॉक्टरनं कागदभर सूचना दिल्या होत्या. त्यात हात कापले, घाम आला तर साखर खा, असंही असणारच. पण आम्ही ऐकलं तेवढंच, गोड बंद. चहाचा डबा वेगळा झाला. गुळाची ढेप माळ्यावर गेली. साखर म्हणजे वैरी, आणि वैरी जितका कमी तितका चांगला. आकडा खाली आला की आम्हाला बरं वाटायचं. नव्वद आला तर ती मला चहा करून पाजायची. पंच्याहत्तर आला तर शेजारी सांगून यायची.

तर त्या रविवारी अठ्ठावन्नावर ती इतकी खूश झाली की परत पुरणाला जाऊन बसली. पाट्यावर वरवंटा ओढत होती. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मी ओसरीत देवीसाठी आंब्याची पानं दोऱ्यात ओवत होतो. ती दारात येऊन उभी राहिली, चौकटीला धरून. हातांना पुन्हा गूळ.

"हात कापी ऱ्हायनात मन्हा."

"उपाशी शे ना तू."

"हां, म्हनीसनच." मग बोट पुढं केलं. "एकदाव आखो देखतस का?" म्हणजे पुन्हा एकदा बघता का, साखर.

आणि मी म्हणालो, "आते तं देखी. ठीक शे. पट्ट्या काय फुकट येतीस का?"

हे मी बोललो. दुसऱ्या कोणी बोललेलं नाही.

ती म्हणाली, "मंग जराशी पडस मी. दिवा लावाना टाइमले उठाडा." आत गेली. जाताना हात धुवायला मोरीत वळल्याचा आवाज आला. तो गूळ तिनं चाटला असता तरी पुरलं असतं. तिनं धुऊन टाकला.

घरात बायकांची ये-जा वाढली. भाऊबंद जमू लागले. कोणी आत डोकावलं असेल तर दमून निजली आहे म्हणून परत गेलं असेल. मी एकदाही गेलो नाही. तक्त्यानं ठीक म्हटलेल्या माणसाला काय उठवायचं?

दिवेलागणीला भावजय तिला उठवायला गेली आणि तिची हाक ऐकू आली, "जिजी उठी नई ऱ्हायनी!" मी गेलो. अंग थंड, पोलकं घामानं ओलं, दात बसलेले. पुतण्यानं गाडी काढली. शहाद्याला पोचेपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिच्या नखात पुरण अडकलेलं मला दिसत होतं.

डॉक्टर तोच. त्यानं नाडी बघितली, डोळे बघितले, बोट टोचलं. मग मशीन उलटं ठेवलं.

"काका, साखर पार तळाला गेली होती. किती वेळ झाला असेल कुणास ठाऊक. हृदय आधीच कमजोर होतं. दुपारी तपासली नाही का?"

"तपासली."

"किती होती?"

"अठ्ठावन्न."

तो खुर्ची ओढून माझ्यापुढं बसला. मी म्हणालो, "ठीक होती ना?"

"अठ्ठावन्नला ठीक कोण म्हणतं काका?"

मी नाव घेतलं नाही. तिथंच, त्या स्टुलावर बसल्या बसल्या मला कळलं. काय झालं ते कळलं, कशानं झालं ते कळलं, आणि हे लेकीला कळलं तर काय होईल तेही कळलं. बायको गेली ती गेली. तिला आता कोणी आणू शकत नव्हतं. लेक राहिली होती. बेचाळीस वर्षांची बाई, अजून अर्धा जन्म जायचा तिचा. रोज ऑफिसात तेच तक्ते, त्याच अटी. दर अट लिहिताना तिला आई दिसेल. मी ठरवलं, हे माझ्याबरोबर जळलं पाहिजे.

लेक रात्री गाडी करून आली. आईच्या पायाशी बसली, रडली, आणि थोड्या वेळानं माझ्याकडं वळून तिनं पहिली गोष्ट विचारली ती हीच. "बाबा, साखर तर ठीक होती ना? मी ऑफिसची सुट्टी म्हणून झोपले होते, चार-साडेचारला उठून बघितलं, हिरवं होतं."

"ठीक होती," मी म्हणालो.

"किती होती?"

"ते ध्यानात नाही. हिरवं होतं."

"मी आकडा बघितलाच नाही," ती म्हणाली. "नुसता रंग बघितला."

मग बायकांनी तिला धरून आत नेलं. मोबाईल तिच्या पिशवीत होता. तिनं त्या रात्री तो उघडला नाही. पण उद्या उघडणार हे मला ठाऊक होतं. लहानपणापासूनची खोड तिची. कोणाचं पाटीवरचं गणित चुकलं की स्वतःचं म्हणून पुन्हा सोडवायची.

गावानं कारण केव्हाच शोधलं होतं. कानबाई कोपली. कोणी म्हणे, पुरणाला विटाळाचा हात लागला. कोणी म्हणे, गहू मोजताना मूठ उणी पडली. मी खाली मान घालून ऐकत होतो. देवीवर आळ येत होता तो मी येऊ दिला. तिचे खांदे मोठे आहेत. ती कोणाच्या पोटची नाही आणि तिला ऑफिसला जायचं नाही.

सुतक लागलं. रोट झाले नाहीत. परातभर पुरण भावजयीनं गाईंना घातलं.

लेक दहाव्यापर्यंत राहिली, तेराव्याला पुन्हा आली. तक्त्याचा विषय काढला नाही. मी समजलो, निभावलं. मग महिन्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर ती कॉम्प्युटर घेऊन माझ्याजवळ ओसरीत बसली. तक्ता उघडला. म्हणाली, "बाबा, यात जुनं पुसलं जात नाही. कोणत्या ओळीत आधी काय होतं, कोणी बदललं, किती वाजता बदललं, सगळं हा धरून ठेवतो."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. मी त्याच दिवशी बघितलं होतं, स्मशानातून आल्यावर."

"मंग महिनाभर बोलली का नई?"

"तुम्हीन बी कोठे बोलनात?"

घरच्या बोलीत बोलली, म्हणून वाटलं आता भांडेल. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्यासमोर ती अट दुरुस्त केली. एकच तुकडा वाढवला, सगळ्यांच्या आधी. जर सत्तरच्या खाली, तर 'गूळ द्या'. नारिंगी रंग. अट एका ओळीला लिहिली की सगळ्या ओळींना लागते, हे तिनंच मला शिकवलं होतं, पण मी विसरलो होतो. तिनं बटण दाबलं आणि तीन वर्षांचा अख्खा रकाना डोळ्यांदेखत पुन्हा भरला. वर सरकत गेली तसे नारिंगी ठिपके दिसायला लागले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एक. कापूस वेचणीच्या दिवसांत दोन. गेल्या वर्षीच्या कानबाईलाही एक. मी मोजले, सहा. सहा वेळा ती त्या काठावर जाऊन आली होती आणि सहाही वेळा आम्ही चहा पिऊन आनंद केला होता.

सगळ्यांत खालची ओळ मात्र हिरवी. शेवटच्या दिवसाची. तिथं मी भरलेला आकडा होता. सगळ्या तक्त्यात खोटी तेवढी ती एकच ओळ, आणि तिच्यापुढं शेरा ठीक.

"तिथं खरा आकडा घाला बाबा," लेक म्हणाली.

मी मोबाईल हातात घेतला नाही. तिनंही कॉम्प्युटरवर घातला नाही. तिला घालता आला असता.  मग ती उठली आणि भांडी घासायला गेली.

आता ती फोन करते. कापूस कसा आहे, गुडघा कसा आहे, विचारते. मी सांगतो, ठीक. तो शब्द तोंडातून गेला की दोघांपैकी एक जण फोन ठेवतो. तिनं ऑफिसात दुसरं काम मागून घेतलं आहे, असं जावई म्हणाला. आता कोणत्या टेबलावर बसते, काय करते, मी विचारलं नाही. ती काही चुकवत नाही. गोळ्या पाठवते, माझा चष्मा नवा करून दिला. पण सुट्टीला येऊन रुसून, ओरडून, आईसारखी माझी अक्कल काढणारी लेक होती ती आता येत नाही. मी वाचवायला गेलो ते काही वाचलं नाही. उलट तिला वाटलं असणार, बापाला आकडा लपवावासा वाटला, म्हणजे बापानंही दोष माझाच मानला. मी मानला नाही. हे तिला कसं पटवू? लपवलं तर मीच ना.

आणि मी खरंच मानला नाही का, हेही मी पाचशे वेळा स्वतःला विचारलं आहे.

लपवलं ते असं.

सोमवारी पहाट उलटून उजाडलं होतं. म्हातारी अंगणात, तिच्याभोवती बायका बसलेल्या, काही डुलक्या घेत होत्या. लेक आत भिंतीला टेकून झोपली होती, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी. माझा मोबाईल मी सदऱ्याच्या खिशात रात्रभर ठेवला होता. गोठ्यामागं गेलो. तक्ता उघडला. दोनदा बोट चुकलं, तिसऱ्या खेपेला उघडला.

शेवटच्या ओळीत अठ्ठावन्न होते. मला सोपं वाटलं. पुढं एकचा आकडा लावून टाकावा, काम झालं. लावला. एकशे अठ्ठावन्न. लावल्याबरोबर शेजारचा रकाना पिवळा झाला. 'सांभाळा'.

 काल तिचे हात कापत होते तेव्हा जो हूं की चूं करत नव्हता, तो माझ्या एका खोट्या एकावर जागा झाला. आणि म्हणतो काय, सांभाळा.

पण लेकीनं काल हिरवं बघितलं होतं. पिवळं दिसलं तर तिला लगेच कळलं असतं. चौथ्या रकान्यात आपण लिहू शकत नाही, त्याला पाहिजे तसा आकडाच द्यावा लागतो. मी मधला पाच पुसला. तीन घातला. एकशे अडतीस.

हिरवा झाला. ठीक.

मोबाईल खिशात टाकला. गाईंना पाणी दाखवलं, काल सांजेपासून कोणी दाखवलं नव्हतं. मग आत जाऊन लेकीच्या खांद्याला हात लावला आणि म्हणालो, ऊठ माय, आईला अंघोळ घालायची आहे.